बिनलसणाचं आलं

आलं गोठवायच्या आमच्या घरात दोन पद्धती होत्या, एक सासूबाईंची आणि एक माझी. त्यांची पद्धत म्हणजे वेळेचा नुसता खेळखंडोबा, असं मी वीस वर्षं म्हणत आले. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, पण नवऱ्याजवळ म्हणायचे, माहेरी म्हणायचे, ऑफिसात डबा खाताना मैत्रिणींना हसून सांगायचे. माझी जीभ पहिल्यापासून अशीच. आता त्याच पद्धतीबद्दल लिहायला बसले आहे आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्यांचं असं होतं. संक्रांतीच्या आसपास बाजारात नवं आलं येतं, कोवळं, धागे कमी, साल नखानेही निघावी असं. बुधवारी नदीकाठच्या, आमच्याकडे म्हणतात तसं गंगेवरच्या, बाजारात जाऊन त्या एकेक गड्डा चाचपून, नाकाशी धरून निवडायच्या. भाजीवाली वैतागायची, तरी त्या हलायच्या नाहीत. घरी आणलं की बादलीत भिजत घालायचं, माती सुटली की जुन्या टूथब्रशने बेचक्यांतून घासायचं, मग धोतराच्या जुन्या फडक्यावर पंख्याखाली दिवसभर पसरायचं. सोलायचं नाही. पूर्ण कोरडं झालं की अख्खे तुकडे स्टीलच्या डब्यात आणि डबा फ्रीजरमध्ये. लागेल तेव्हा दगडासारखा कडक तुकडा काढून किसणीवर घासायचा. पांढरा भुगा खाली पडतो, साल हातात मागे राहते, उरलेला तुकडा परत डब्यात. सोलूनच का ठेवत नाही असं मी विचारलं होतं, तर म्हणाल्या, साल म्हणजे त्याचं पांघरूण हाय, थंडीत कुणी पांघरूण काढून घेतं का?

मला एवढा वेळ कुठला. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. साडेनऊला घर सोडते, सहाला परत. माझं काम रविवारी आणि घाऊक: आलं सोलायचं, लसूण सोलायचा, दोन्ही मिक्सरला फिरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचं आणि पिशवी दाबून पोळीसारखी चपटी करायची. चपटं करणं नवऱ्याने शिकवलं. तो पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसवर सुपरवायझर आहे, त्याचं निम्मं आयुष्य कोल्ड स्टोरेजच्या दारात गेलंय. जाड गोळा सावकाश गोठतो आणि नंतर पाणी सोडतो, पातळ थर पटकन गोठतो आणि चव धरून ठेवतो, असं त्याचं म्हणणं. पिशवी अर्धवट गोठली की वरूनच सुरीच्या पाठीने रेघा मारायच्या, म्हणजे पुढे वड्यांसारखे चौकोन तुटतात. एक चौकोन, एक भाजी. या शोधाचा मला फार अभिमान होता.

तर एकाच घरात, एकाच फ्रीजरमध्ये हे दोन संसार होते, कारण सासूबाई लसूण खात नव्हत्या.

आवडत नव्हता असं नाही. उलट होतं. त्यांचं माहेर देवळ्याकडचं, तिथे लसणाशिवाय पान हलत नाही. त्यांची धाकटी बहीण, आमच्या मावशी, सांगायच्या की लग्नाआधी ही कच्च्या पाकळ्या मीठ लावून खायची आणि त्यापायी आईच्या शिव्या खायची. माझा नवरा चार वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा सासूबाईंनी दवाखान्याच्या व्हरांड्यातून सप्तशृंगीच्या गडाकडे तोंड केलं आणि सांगितलं, पोरगं वाचव, जन्मभर लसूण तोंडात घालणार नाही. जे सगळ्यात आवडतं तेच सोडायचं असतं. नावडतं सोडून देवाला फसवता येत नाही. पोरगं वाचलं. त्यानंतर बेचाळीस वर्षं त्यांच्या तोंडात लसूण गेला नाही. लग्नाकार्यात त्या दहीभात खायच्या. आमच्यासाठी मात्र लसणाची चटणी स्वतः पाट्यावर वाटायच्या, अशी की बोटं चाटत राहावीत, आणि नंतर साबणाने तीनदा हात धुवायच्या.

मी एकदा बोलून गेले होते, की आई, पोराला आता टक्कल पडलं, देवी विसरली असेल सगळं. त्या चिडल्या नाहीत. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "देवी विसरंल गं. पण हिकडं माझ्या तोंडात घास गेला आन् तिकडं त्याला काय झालं, तर मी कुणाला सांगू?"

मी कुकर लावायला उठले. पटलं म्हणून नव्हे, वाद वाढवायचा नव्हता म्हणून.

त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझ्या पिशवीवरच्या चिठ्ठीचा त्यांना उपयोग नव्हता. त्यांनीच खूण ठरवली. मेथीच्या जुडीला येतं तसलं लाल रबर त्या माझ्या पिशवीला दोन वेढे देऊन लावायच्या. लाल रबर म्हणजे आत लसूण, त्यांनी हात लावायचा नाही. एकदा मी घाईत रबर न लावताच पिशवी ठेवली, तर ती माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "हाई काय शे?" चिडल्या की त्यांची माहेरची अहिराणी बाहेर यायची. मी मुकाट्याने रबर लावलं. ही खूण मी पुढे कधी चुकले नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून वाटेल की सून निष्काळजी होती.

गेल्याच्या आदल्या वर्षी दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत सासूबाई ओट्यापाशीच कोसळल्या. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना समजतंय सगळं, फक्त शब्द बाहेर येणार नाहीत. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही, तिच्या घशातून नुसता "आ, आ" असा आवाज यायला लागला. दिवसा त्यांच्याजवळ बसायला एक बाई ठेवली. स्वयंपाक आणि सकाळ-संध्याकाळचं भरवणं माझ्याकडे. मुगाची मऊ खिचडी, हिंग, जिरं, आलं, वर तूप. डब्यातलं त्यांचंच आलं मी किसून घालायचे आणि त्या दोन वाट्या खायच्या. डिसेंबर सगळा असा बरा गेला.

संक्रांतीला डबा रिकामा झाला. मी गंगेवर जाऊन नवं आलं आणलं, बादलीत भिजत घातलं आणि त्याच्याकडे बघतच बसले. हे घासायचं, सुकवायचं, मग रोज सकाळी बधिर बोटांनी किसायचं, आणि त्यात त्यांचं आंघोळ-अंथरूण, माझी नोकरी. म्हटलं, पुरे झालं. यांचं आलंही मिक्सरला लावू, माझ्या पद्धतीने. पेस्टला पेस्ट आणि खुणेला रबर आहेच की.

बिनलसणाचं आधी वाटलं, मग लसणाचं. एक पिशवी नुसत्या आल्याची, दोन आलं-लसणाच्या. लसणाच्या दोन्ही पिशव्यांना लाल रबर लावलं. सासूबाईंच्या खिचडीला नखाएवढा तुकडा पुरे, त्यामुळे त्यांची एक पिशवी महिनोन्महिने जाणार होती. गोठल्यावर तिन्ही सारख्याच दिसत होत्या, पिवळट पांढऱ्या. त्यांच्या पद्धतीत ही वेळ आलीच नसती. आल्याचा अख्खा तुकडा आंधळ्यालाही ओळखता येतो.

तीच ती रबरं मी पुन्हा पुन्हा वापरायचे, आणि रबर फार दिवस गारठ्यात राहिलं की कडक होतं आणि एक दिवस आपोआप तुटतं. हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत असणार, पण त्याने घरातला फ्रीजर कधी उघडलाय? एका पिशवीचं रबर तुटलं, तुकडे खाली बर्फात चिकटले आणि ती बिनरबराची पिशवी वर आली. मी ती उचलली. रबर नाही म्हणजे लसूण नाही. वीस वर्षं हेच शिकले होते.

वास कसा आला नाही, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. गोठलेल्या तुकड्याला वास नसतो. तो कुकरमध्ये जायचा, आणि शेजारच्या शेगडीवर आमच्या डब्याच्या भाजीला लसणाची फोडणी बसलेली असायची. सगळं घरच त्या वासाचं. चव मी बघत नव्हते, कारण सासूबाईंच्या स्वयंपाकघरात करता करता चव बघायची नाही, उष्टं होतं, हा त्यांचाच नियम. उरलेली खिचडी बाई बाहेरच्या कुत्र्याला घालायची. म्हणजे त्या घरात ती खिचडी चाखणारी एकच जीभ होती, आणि ती बोलू शकत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मोठे केले. मग सगळा घास बाहेर काढला. मला वाटलं गरम लागला. फुंकून दुसरा दिला तर ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. दूध घ्यायच्या, कुस्करलेलं केळं घ्यायच्या, दुधातलं नाचणीचं सत्त्व घ्यायच्या, पण खिचडी दिसली की मान भिंतीकडे. मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईला लहान मुलासारखं गोडधोडच हवंय. नुसत्या दुधावर माणूस किती दिवस जगणार? त्या दिसायला अर्ध्या झाल्या. मावशी देवळ्याहून येऊन बघून गेल्या आणि जिन्यात मला हळूच म्हणाल्या, की बाईनं अन्न सोडलंय, आता दिवस मोजायचे. आमच्याकडे म्हातारी माणसं असं करतात, जायचं ठरवलं की आधी अन्न सोडतात. आम्हालाही ते पटलं.

त्या काळात त्या एक गोष्ट सारखी करायच्या. मी चमचा पुढे केला की डावा हात कसाबसा उचलून कानाच्या पाळीला लावायच्या आणि माझ्याकडे बघत राहायच्या. मला वाटलं कान दुखतोय. मी लसणाची पाकळी घालून तेल कोमट केलं आणि त्यांच्या कानात घालायला गेले. आमच्याकडे कानदुखीला हेच घालतात. त्यांनी वाटी उडवली, तेल गादीवर सांडलं, आणि मी त्यांना नाही नाही ते बोलले. एखादी गोष्ट सोडली म्हणून कानाला हात लावतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही.

आणखी एक सांगायचं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एके दिवशी मला उशीर झाला होता, मस्टर बंद व्हायची वेळ, आणि यांचे ओठ मिटलेले. मी त्यांची हनुवटी धरली, बोटांनी गाल दाबले आणि चमचा आत घातला. म्हणाले, "गिळा एकदाचं, आई. मला अजून शंभर कामं आहेत." त्यांनी गिळलं नाही. घास तोंडाच्या कडेने हळूहळू बाहेर ओघळू दिला आणि तो ओघळून संपेपर्यंत माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. मी पदराने पुसलं आणि ऑफिसला गेले.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, गिळता येतंय, मनच उठलंय. रविवारपर्यंत बघा, नाहीतर सोमवारी घेऊन या, नाकातून नळी घालावी लागेल. नळी म्हटल्यावर नवऱ्याचा चेहराच उतरला. तो हंगामाचा जोर होता, पॅकहाउसवर माल येऊन पडत होता, तरी त्याने रविवारची सुट्टी घेतली. म्हणाला, मी भरवतो.

मी खिचडी केली. तोंडाला चव यावी म्हणून त्या दिवशी आल्याचा तुकडा जरा मोठाच घातला. आलंच समजत होते मी.

तो पलंगावर त्यांच्या कुशीत बसल्यासारखा बसला. पहिला चमचा पुढे केला, त्यांनी मान फिरवली. त्याने गोंजारलं, लहानपणीच्या गोष्टी काढल्या, रागावला, परत गोंजारलं. अर्धा तास गेला. शेवटी त्याने वाटी खाली ठेवली. त्यांचा डावा हात घेऊन त्याने स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाला, "आई, तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. माझं बरं व्हावं असं वाटत असेल तर खा."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी दारात उभी होते आणि माझे पाय दुखायला लागले, एवढा वेळ. मग त्यांनी तोंड उघडलं. एक घास, दुसरा घास, वाटी संपेपर्यंत. डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती, ती त्यांनी पुसली नाही. आम्हीही रडत होतो, आनंदाने. मी मावशींना फोन केला. संध्याकाळी शिरा केला आणि देवापुढे ठेवला.

वाचणाऱ्याला कळलं असेल. मला तेव्हा कळलं नव्हतं. खाल्लं नाही तर शपथ मोडते, खाल्लं तर नवस मोडतो, आणि दोन्हीकडे तोच एक पोरगा. त्या बाईला बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं आणि चमचा ओठांशी थांबलेला होता. त्यांनी काय हिशेबाने तोंड उघडलं असेल? समोर बसलेल्याचा शब्द मोडवला नसेल, एवढंच मला वाटतं.

त्यानंतर सासूबाई सगळं खायला लागल्या. नळी टळली. मी नातेवाइकांत मिरवलं की आमच्या यांनी आईला परत आणलं. मात्र एक नवीन गोष्ट सुरू झाली. दुपार कलली की त्यांची नजर दाराकडे लागायची. पाच वाजल्यापासून त्या दारावरून डोळे काढायच्या नाहीत. मी पाणी दिलं तरी नजर तिकडेच. नवरा मोटारसायकलने हायवेवरून येतो, साडेसातपर्यंत पोचतो. तो आला की डाव्या हाताने त्याला जवळ ओढायच्या आणि डोकं, मान, खांदे, बोटं, सगळं चाचपून बघायच्या, बाजारात आलं चाचपायच्या तसं. तो हसायचा. म्हणायचा, आई, आहे सगळं जागच्या जागी. एकदा ओझरजवळ कंटेनर आडवा झाला आणि तो अडकला, फोनही लागेना. आठ वाजले तेव्हा सासूबाईंनी ओरडायला सुरुवात केली आणि पलंगाच्या कठड्यावर डावा हात इतका आपटला की काळानिळा पडला. डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी लिहून दिली. बाई म्हणाली, किती जीव आहे हो पोरावर. मीही तेच म्हटलं.

मे महिन्यात एकदा सकाळपासून वीज गेली. आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. माझी उन्हाळ्याची रजा होती, बाई जेवायला घरी गेली होती. दुपारी अडीच-तीनला वाटलं, फ्रीजरमधलं काही वाचतंय का बघावं. दार उघडलं आणि लसणाचा भपकारा आला. म्हटलं, माझी पिशवी फुटली. रबराची पिशवी धड होती. मग बिनरबराची हातात घेतली, जिच्यातून मी तीन महिने रोज सासूबाईंच्या खिचडीला तुकडा तोडत होते. ती लिबलिबीत झाली होती. तोंड उघडून नाकाशी नेली.

खाली वितळलेल्या पाण्यात लाल रबराचे दोन तुकडे तरंगत होते. आणि त्यांच्याखाली, तळाशी, आणखी एक बिनरबराची पिशवी होती, जवळजवळ भरलेली. नुसत्या आल्याची. तिच्या एका कोपऱ्यातले फक्त तीन चौकोन तुटलेले होते. ते मी जानेवारीत तोडले होते.

मी तिथेच फरशीवर बसले. पहिला विचार काय आला ते खरं सांगते: कुणाला कळणार नाही. दुसरा विचार त्या कानाच्या पाळीचा. मग एकामागून एक सगळं. मोठे झालेले डोळे, ओघळलेला घास, त्याच्या गळ्यावर ठेवलेला हात, दाराकडे लागलेली नजर. तो जीव नव्हता, ती भीती होती. नवस मोडलाय, आता पोराला काहीतरी होणार, आज होणार, नाहीतर उद्या होणार, म्हणून ती बाई रोज पाचपासून साडेसातपर्यंत मरत होती आणि आम्ही कौतुक करत होतो.

मी त्यांच्या उशाशी जाऊन बसले. हाताला लसणाचा वास होता, तो धुवायचंही सुचलं नाही. म्हणाले, "आई, खिचडीत लसूण होता. रबर तुटलं, मला कळलं नाही. नवस तुम्ही नाही मोडला, मी मोडला. जे व्हायचं ते मला होईल, त्यांना नाही."

लसूण होता हे त्यांना मी काय सांगायचं? ते त्यांना पहिल्या घासापासून ठाऊक होतं. त्यांना नवं होतं ते एवढंच, की आम्हाला ठाऊक नव्हतं. तीन महिने त्यांना वाटत असणार की पोरगा आणि सून मिळून मुद्दाम भरवतायत, औषध म्हणून, किंवा म्हातारीचं खूळ मोडावं म्हणून. मला वाटलं होतं, त्या रडतील, किंवा चापट मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. थोड्या वेळाने परत वळवली, माझ्याकडे नाही, दाराकडे. तेव्हा सव्वातीन वाजले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी ताजं आलं किसून घालायला लागले, डोळ्यांसमोर, त्यांना दाखवून. त्यांनी खाल्लं. बघितलंही नाही. मोडलेला नवस ताज्या आल्याने काय जोडला जाणार? एका मंगळवारी ऑफिसची रजा टाकून मी एकटीच गडावर गेले, देवीची ओटी भरली, माझं नाव सांगितलं. मी, जी या सगळ्याला हसायची. काही वाटलं नाही. वणीच्या स्टँडवर चहा प्यायले, त्यात आलं होतं, अर्धा कप तसाच ठेवला.

नवऱ्याला मी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. भांडणाची भीती नाही मला, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण लसूण माझा असला तरी शपथ त्याची होती. लसणाचं सांगितलं तर शपथेचं आपोआप त्याला कळेल, आणि त्यानंतर तो त्या रविवारकडे कसा बघेल? त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट ती, आईला घास भरवून परत आणलं ही. ती मी काढून घेऊ? आणि खायची इच्छा नसताना लसणाची जी चव बेचाळीस वर्षांनी जिभेवर आली, ती त्यांना आवडली असेल का, हा विचार मी करत नाही. करते. रोज करते.

आषाढात एका दुपारी त्या गेल्या. चारचा सुमार असेल. बाईने मला ऑफिसात फोन केला, मी पोचले तेव्हा अंग कोमट होतं आणि डोळे उघडे होते, दाराकडे. मी मिटायचा प्रयत्न केला, पुरते मिटले नाहीत. नवरा पिंपळगावहून निघाला, हेल्मेटसकट आत आला आणि दारातच थांबला, कारण त्या त्याच्याकडेच बघत होत्या. तो धडधाकट होता. हातपाय जागच्या जागी, मानेला घाम. दोन तास आधी आला असता तर त्यांनी चाचपून घेतलं असतं.

तो त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ, शेवटपर्यंत माझीच वाट बघत होती. असा जीव कोण लावतं गं?"

मी "हो" म्हटलं.

आता परत संक्रांत आली आहे. बुधवारी मी गंगेवर जाऊन नवं आलं आणलं, एकेक गड्डा नाकाशी धरून. भिजवलं, ब्रशने घासलं, धोतराच्या त्याच फडक्यावर पंख्याखाली पसरलं आणि अख्खंच्या अख्खं स्टीलच्या डब्यात भरलं. या घरात बिनलसणाचं आलं लागणारं कुणी राहिलेलं नाही. नवऱ्याने विचारलं, तू कधीपासून आईसारखं करायला लागलीस? म्हटलं, असंच चांगलं टिकतं.

माझा नवसावर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आताही नाही. पण मी त्या दुपारी त्यांना म्हणाले होते की नवस मी मोडला, आणि ते खरं आहे. पाच वाजले की माझं लक्ष कामात लागत नाही. ऑफिसातून येते, गॅसवर काहीतरी ठेवते आणि त्यांच्या पलंगाच्या जागी आता जी खुर्ची आहे तिच्यात बसते, तिथून दार सरळ दिसतं. आज हे लिहिता लिहिता साडेसात होऊन गेले. दोनदा फोन केला, उचलला नाही. गाडी चालवत असेल.